ट्रेसिंग टूलचा बॅकपोर्ट केलेला फिक्स तपासायचा आहे, सल्ला हवा

उंबरठा: सर्व्हरवर लिनक्स डिस्ट्रो जुनं एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट असलेलं), कर्नल मात्र ५.१५ वर नेला. तेव्हापासून बीसीसी या ट्रेसिंग टूलसंचातलं रनक्यूलॅट (प्रोसेसला सीपीयू मिळायला किती थांबावं लागतं ते मोजणारं) कंपाइलच होत नाही. टास्क_स्ट्रक्टमध्ये (कर्नल प्रत्येक टास्कची माहिती ठेवतो ती रचना) 'स्टेट' नावाचा मेंबर नाही म्हणतं. फिक्स बॅकपोर्ट होऊन, म्हणजे जुन्या आवृत्तीत आणून, प्रपोज्डमध्ये (चाचणीसाठीच्या पॅकेजेसच्या साठ्यात) आलाय. एकदा चालवून 'चालतंय' असं कळवलं तर पुरे ना?

घिरट्या: नाही पुरे. ५.१४ मध्ये त्या मेंबरचं नाव बदललं, नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोअर लागले. आधी जुन्या पॅकेजवर एरर मुद्दाम आणून आउटपुट जपून ठेवा, सोबत 'यूनेम -आर' (कर्नलची आवृत्ती) आणि पॅकेजची आवृत्तीही. मग फक्त बीसीसीची पॅकेजेस चढवा, अख्खं प्रपोज्ड नको. टूल्स, लायब्ररी आणि पायथन बाइंडिंग वेगवेगळी येतात. तिन्ही एकाच आवृत्तीची हवीत, नाहीतर नक्की काय तपासलं तेच कळणार नाही.

आडवाटे: कर्नलसोबत येणारं एफट्रेसटेस्टही (कर्नलच्या ट्रेसिंगच्या चाचण्या) चालवा की.

घिरट्या: ते कर्नलमधल्या फिक्ससाठी. इथे कर्नल तोच आहे, बदललंय टूल. चालवलंत तर बिघडत नाही, पण त्यातून या फिक्सबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

सांजभूल: खरी मेख जुन्या कर्नलवर आहे. त्याच डिस्ट्रोचा मूळ कर्नल बूट करून तिथेही चालवा, कारण बहुतेक लोक अजून त्यावरच असतात. फिक्समध्ये नुसता आवृत्ती क्रमांक पाहिला असेल तर मला तो पटत नाही. एंटरप्राइझ कर्नलमध्ये इतकं बॅकपोर्ट होतं की आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही. बीटीएफला (कर्नलमधल्या रचनांची, त्यांच्या फील्डची माहिती) विचारून फील्ड आहे का ते बघणं बरं, पण बीटीएफशिवाय बांधलेल्या कर्नलवर ते उत्तर मिळत नाही. तसा कर्नल हाताशी असेल तर तोही घ्या.
आणि आकडे बघा हो! एकाच कोअरला टास्कसेट कमांडने सीपीयू खाणारे पाच-सहा प्रोसेस बांधा. रनक्यूलॅटचा हिस्टोग्राम मोठ्या लेटन्सीकडे (थांबण्याच्या वेळेकडे) सरकला पाहिजे. हीच वेळ वेगळ्या टूलने मोजणाऱ्या 'परफ शेड लेटन्सी'शी ताडून पाहा. एररपेक्षा गुपचूप चुकीचे आकडे देणारं टूल जास्त घातक.

उंबरठा: म्हणजे दोन कर्नल, आणि पॅकेजेस जुनी-नवी दोन्ही. बीसीसीचंच ऑफसीपीयूटाइमही (प्रोसेस सीपीयूबाहेर किती वेळ होती ते मोजणारं) घेऊ का? तेही स्टेट वाचतं ना?

घिरट्या: घ्याच. उबुंटू असेल तर सगळं आउटपुट बगवर चिकटवा आणि मगच टॅग 'व्हेरिफिकेशन-डन' करा.