पॅन ॲमचं गच्चीवरचं हेलिपॅड आणि आपली हॉटेलं

गिरगावकर: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे न्यूयॉर्कवाल्यांनी एका अपघाताला घाबरून पॅन ॲम या विमान कंपनीच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचं हेलिपॅड बंद केलं, आपण तरी नरिमन पॉइंटच्या हॉटेलांवर हेलिपॅड करूया. अहो, १९६५ च्या डिसेंबरात सुरू झालेली ती हेलिकॉप्टर सर्व्हिस १९६८ लाच गुंडाळली होती, तोट्यात होती म्हणून! १९७७ ला परत चालू केली आणि १६ मे ला हेलिकॉप्टर गच्चीवर उभं, पंखा फिरतोय, पॅसेंजर चढतायत आणि चाकाचा पाय मोडला, धातूच थकला होता. हेलिकॉप्टर कलंडलं, पात्यांनी गच्चीवरची चार माणसं गेली आणि पात्याचा तुकडा खाली पडून रस्त्यावरची एक बाई गेली. तिचा काय संबंध हो? चर्चगेटला संध्याकाळी सहाला हे डोळ्यासमोर आणा.

कफपरेडकर: पोस्ट माझीच. लोकलमधून माणसं पडतात, मग लोकल बंद करायची का? आणि २६/११ ला नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो हेलिकॉप्टरनेच उतरले, विसरलात?

गिरगावकर: दोरावरून उतरले. हेलिपॅड लागलं नाही.

पार्लेकर: तुमचं चालू द्या, पण जुहूजवळ राहणाऱ्यांना विचारा. जुहूचा एरोड्रोम १९२८ चा, १९३२ ला जेआरडी कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले, अभिमान आहेच, पण विमानांसाठी आजूबाजूच्या बिल्डिंगांना घातलेल्या उंचीच्या अटीत आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट अडकलंय त्याचं काय? बिल्डर म्हणाला एवढ्या मजल्यांत परवडत नाही, गेला निघून. स्लॅबचे पोपडे पडतात, सासूबाईंचा पलंग दाराशी ओढलाय, सळ्या दिसतात वर. शहरात अजून हेलिपॅड म्हणजे आजूबाजूच्यांना अजून अटी.

कफपरेडकर: ताई, विषय कुठे नेताय? ती अट सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळामुळेपण आहे.

पार्लेकर: ताई वगैरे राहू द्या. दोन्हीकडून आमचीच मान आवळली आहे, हाच विषय आहे! तुमच्या डोक्यावर स्लॅब पडत नाही म्हणून सुचतंय हे.

सांताक्रूझ ईस्ट: अगदी बरोबर. आमच्याकडेही तेच, उंचीच्या परवानगीत, म्हणजे एनओसीत, उंची कापून दिली, अर्धे मेंबर भाड्याने बाहेर राहतायत.

अलिबागचा: माझं ऐका जरा. भर पावसात वडिलांना अटॅक आला, मांडव्याची लाँच बंद, रस्त्याने निघालो तर वडखळला ट्रॅफिकमध्ये ॲम्ब्युलन्स उभी, सायरन वाजतोय आणि पुढचा ट्रक हलत नाही. वडील वाचले, पण माझे हातपाय गार पडले होते. हेलिकॉप्टर मुंबईत उतरायला जागा हवीच.

गिरगावकर: बरं, पेशंटसाठी हॉस्पिटलच्या गच्चीवर करा, तेवढं मान्य. हॉटेलात मीटिंगला येणाऱ्यांसाठी नाही. अल्टामाउंट रोडवर अँटिलियाच्या गच्चीवर तीन बांधली, तर नौदलानेच हरकत घेतली होती.

कफपरेडकर: म्हणजे गच्चीवर उतरता येतं, हे मानलंत तर!

पार्लेकर: आणि त्या हॉस्पिटलशेजारच्या बिल्डिंगला उंचीची एनओसी कोण देणार, ते आधी सांगा.