सटीप संदर्भसूची: टिपणात नेमकं काय लिहायचं?

एमए_इतिहास
महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेच्या सुरुवातीच्या वर्षांवर (१९७२ ते १९७९) मराठीतून पेपर करतेय. त्याआधी १२ संदर्भांची सटीप सूची (प्रत्येक नोंदीखाली टिपण असलेली) द्यायची आहे, एपीए (संदर्भ लिहिण्याची एक प्रमाण शैली) पद्धतीने, प्रत्येक टिपण १०० ते १५० शब्दांचं. हाताशी ईपीडब्ल्यूमधले (‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’) लेख, शोधगंगेवरचे (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा) दोन प्रबंध, काही मराठी पुस्तकं आणि खुद्द कायदा आहे. टिपण म्हणजे सारांशच ना? आणि मराठी-इंग्रजी नोंदी एकत्र लावायच्या का?

सूचीकार
सारांश नव्हे. सारांश दोन-तीन वाक्यांत आटपा. उरलेल्या जागेत लेखक हे कशाच्या आधारावर म्हणतो (सरकारी आकडे, गावपाहणी, मुलाखती), त्यातून काय सुटलंय आणि तुमच्या पेपरात तो संदर्भ कुठे लागणार, हे यायला हवं. शेवटचा भाग बरेच जण गाळतात, आणि तपासणारा नेमका तोच शोधतो. ‘पुस्तक अत्यंत उपयुक्त आहे’ असं वाक्य दिसलं की पुस्तक उघडलेलंच नाही असं खुशाल समजावं.

कायद्याचंच घ्या:

‘ग्रामीण भागात अकुशल अंगमेहनतीचं काम मागणाऱ्या प्रौढांना कामाची हमी. १५ दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्त्याची तरतूद. भत्ता प्रत्यक्षात किती जणांच्या हाती पडला, हे मजकुरातून कळत नाही. त्यासाठी गावपाहणीवरचे लेख जोडून वाचावे लागतात. १९७२ची योजना आणि कायदेशीर हक्क यांतला फरक दाखवताना दुसऱ्या विभागात वापरणार.’

एवढा सांगाडा झाला की कलमांचे क्रमांक घालून वाढवा. वर्षाचा घोळ मात्र टाळा: कायद्याच्या नावात १९७७, क्रमांक १९७८चा विसावा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. तिन्ही बरोबर आहेत. नाव आहे तसं लिहा, अंमलाची तारीख टिपणात सांगा.

प्रबंधाचा गोषवारा उचलून डकवू नका. साम्यतपासणीत (उचललेला मजकूर शोधणाऱ्या तपासणीत) सापडतोच, शिवाय कामाच्या मर्यादा गोषवाऱ्यात क्वचितच असतात. त्या पद्धतीच्या प्रकरणात किंवा समारोपात मिळतील.

मुद्रितशोधक
मांडणीचं सांगतो. एपीएच्या सातव्या आवृत्तीत नोंदीची पहिली ओळ समासाला, पुढच्या ओळी अर्धा इंच आत. टिपण नव्या परिच्छेदात, सगळंच अर्धा इंच आत. स्पेसबार बडवून ओळी आत ढकलू नका, फाँट बदलला की सगळं विस्कटतं. वर्डमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमधला ‘हँगिंग’ वापरा.

मराठी पेपरात सहसा आधी मराठी, मग इंग्रजी अशा दोन याद्या करतात. तरी तुमच्या विभागाची रीत विचारून घ्या. क्रम आडनावाने. इथे संगणक फसवू शकतो. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) ळ हा लच्या लगेच पुढे बसवलाय, वच्या आधी. त्यामुळे नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर ‘काळे’ हे ‘कावळे’च्या वर जातात. आपल्या वर्णमालेत ळ हच्या नंतर, म्हणजे कावळे आधी, मग कासार, मग काळे. ‘क्षीरसागर’सुद्धा असाच कमध्ये घुसतो. १२ नोंदी हातानेच लावा, सॉर्टच्या भानगडीत पडू नका.

एमए_इतिहास
धन्यवाद. एका पुस्तकावर इसवी सन नाहीच, फक्त ‘माघ शके १८९५’ आहे. ७८ मिळवून १९७३ लिहू का?

सूचीकार
नाही, १९७४. चैत्रात बदललेलं शक फाल्गुनापर्यंत चालतं, मधे जानेवारी येऊन जातो. म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. पौष असेल तर तिथी बघून ठरवा. त्याच पानावर आणखी दोन गोष्टी तपासा. मुद्रकाचं नाव प्रकाशकाच्या जागी पडत नाहीये ना? आणि तुमच्या हातातली प्रत नवी आवृत्ती आहे की नुसतं पुनर्मुद्रण? सुधारित आवृत्तीत पानं सरकतात, म्हणून पृष्ठांक ज्या प्रतीतून घेतले तिचंच वर्ष नोंदीत द्या.