टूर्निकेट मध्येच सैल करायचं की नाही? मदत हवी आहे

प्रथमोपचार शिकणाऱ्या मुलांना रणांगणावरच्या जखमींविषयी तासभर सांगायचंय. मी डॉक्टर नाही, प्रशिक्षक आहे. जुनी पुस्तकं म्हणतात, टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर दांडीने पिळून आवळायचा पट्टा) थोड्या थोड्या वेळाने सैल करून अवयवाला रक्त मिळू द्या. नवी टिपणं म्हणतात, हात लावू नका. कुणाचं धरू? शिवाय आम्ही आधी श्वासमार्ग असंच घोकत आलो, इथे रक्तस्राव पहिला. आणि गोळी जांघेत लागली तर बांधायचं कुठे?

उत्तर: नवी टिपणं धरा. सैल केलं की दर वेळी थोडं थोडं रक्त जातं आणि पाय वाचवण्याच्या नादात माणूस हातचा जातो. 2 तासांपर्यंत अवयवाला सहसा कायमची इजा होत नाही. त्या आत टूर्निकेट काढून दाबपट्टीवर आणता येतं, पण जखमी शॉकमध्ये (रक्त गेल्याने रक्ताभिसरण ढासळलेलं) नसेल आणि जखमेवर नजर ठेवता येत असेल तरच, तेही जाणकाराने. 6 तास उलटले तर रुग्णालयाबाहेर काढायचंच नाही. म्हणून बांधल्याची वेळ ठळक लिहायची.

बांधायचं जखमेच्या 5 ते 7 सेंमी वर, गुडघा-कोपर सोडून. पट्ट्याखाली खिशात काही राहिलंय का ते चाचपा. रक्त थांबेपर्यंत आणि पुढची नाडी लागेनाशी होईपर्यंत दांडी पिळायची. जखमी कळवळतो, आणि शिकाऊ मुलं नेमकी तिथेच हात आखडता घेतात. तेवढ्याने थांबलं नाही तर वर लगेच दुसरं.

क्रम बदलला कारण मांडीची धमनी तुटली तर काही मिनिटांत खेळ संपतो. अमेरिकी लष्करी वैद्यकांनी 1996 मध्ये ही पद्धत मांडली. गोळीबार चालू असताना आडोसा आणि टूर्निकेट, बाकी सगळं नंतर.

जांघेत, काखेत टूर्निकेट बसत नाही. रक्त नेमकं कुठून येतंय ते बोटाने शोधा, तिथपर्यंत गॉज (जखमेची जाळीदार पट्टी) कोंबा आणि अंगाचा भार देऊन दाबा. रक्तरोधक गॉज असेल तर किमान 3 मिनिटं, साधं असेल तर बरंच जास्त. मध्ये उचलून बघायचं नाही.

मूळ प्रश्नकर्ता: आभार. छाती-पोटातही कोंबायचं का?

उत्तर: अजिबात नाही. छातीच्या भोकावर हवाबंद चिकटपट्टी, शक्यतो झडपेची. ती लावल्यावर धाप वाढली तर कड उचलून आतली हवा बाहेर जाऊ द्या. आणि घोंगडी विसरू नका, उन्हाळ्यातसुद्धा. अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही.