कंडक्टर, वाहक की संचालक?

अनुवादिका:
परवा एका साप्ताहिकाच्या पुरवणीसाठी आर्थर फीडलरवर दीड पानाचा मजकूर लिहून दिला. अंक हातात आला आणि पहिल्याच ओळीत वाचलं, ‘बॉस्टन पॉप्स या वाद्यवृंदाचे प्रसिद्ध वाहक’. मी लिहिलं होतं ‘कंडक्टर’. तपासणाऱ्याने परका शब्द दिसला म्हणून कोशात पाहिलं असणार आणि पहिला अर्थ उचलला असणार. खाली तर ‘वाहकाने हात वर करताच सगळे वादक सज्ज झाले’ असं वाक्य आहे. आईने चहा पिता पिता वाचलं आणि विचारलं, “सुटे पैसे घेऊन का?”

हसून झालं, पण प्रश्न खरा आहे. हातात काडी घेऊन सिंफनीपुढे, म्हणजे पाश्चात्य अभिजात संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदापुढे, उभ्या राहणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणायचं? त्यातही फीडलरसारखा माणूस, जो बेथोवेनच्या शेजारी बीटल्स ठेवतो, त्याला काय म्हणायचं?

लाल डबा:
वाहकाला एवढं हसू नका हो. एसटीत ‘चालक-वाहक’ ही जोडी ठरलेली. चालकाच्या हातात चाक, पण गाडी हलते कुणामुळे? एक घंटी दिली की थांबा, दोन दिल्या की चला. चाकाला हात न लावता आख्खी गाडी ज्याच्या इशाऱ्यावर चालते तो कंडक्टर. तुमचा तो बॉस्टनवालाही कार्यक्रमात एकही वाद्य वाजवत नाही ना? मग झालं तर. शब्द चुकला असेल, माणूस चुकला नाही.

भौतिकवाला:
‘कंडक्टर’च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘सोबत नेणे’. इंग्रजीने तो एकच शब्द तारेला, बसमधल्या माणसाला आणि संगीतातल्या माणसाला वापरला. आपण तार आणि बस दोन्हीला ‘वाहक’ देऊन टाकला. तिसऱ्यालाही तोच दिला तर तांबं सुवाहक, लाकूड दुर्वाहक, आणि वाईट कार्यक्रम झाला की समीक्षक कंडक्टरला दुर्वाहक म्हणतील. त्यापेक्षा ‘संचालक’ काय वाईट?

अनुवादिका:
‘संचालक’ म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे सहकारी बँकेची वार्षिक सभा येते. शिवाय ‘सूत्रसंचालक’ आधीच माईक धरून उभा आहे. ‘वाद्यवृंद संचालक’ असं पूर्ण लिहिलं तर अर्थ कळतो, पण दर वाक्याला एवढं लांब लिहिणार कोण? आणि ‘संगीत संचालक’ लिहिलं की वाचणारा चाल लावणारा माणूस समजतो.

‘वाद्यवृंद’ शब्दाबद्दल मात्र तक्रार नाही. आकाशवाणीने १९५२ मध्ये आपल्या वाद्यांचा ताफा उभा केला, रविशंकर त्याचे प्रमुख होते, आणि नाव ठेवलं ‘वाद्यवृंद’. भारदस्त शब्द आहे आणि उच्चारायलाही छान.

सोसायटीचा कार्यकर्ता:
आणि ‘ऑर्केस्ट्रा’? आमच्याकडे गणपतीत सातव्या दिवशी ऑर्केस्ट्रा ठेवायचे. दोन गायक, एक गायिका, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, आणि मधेच आवाज काढणारा नकलाकार. त्यात काडीवाला कुणी नव्हता. वर्गणीदारांची फर्माईश चिठ्ठीवर लिहून यायची, ती वाचणारा निवेदकच खरा कंडक्टर. मराठीत ऑर्केस्ट्रा म्हणजे हे. सिंफनीला ऑर्केस्ट्रा म्हटलं तर माझे वडील विचारतील, नाचायला जागा ठेवली आहे का?

भौतिकवाला:
वडील बरोबर विचारतात. ग्रीकमध्ये ऑर्केस्ट्रा म्हणजे रंगमंचापुढची समूहाने नाचायची मोकळी जागाच. वादक तिथे पुढे फार नंतर येऊन बसले.

सासष्टीकर:
तुम्ही सगळे कोश उघडून बसलात, पण शब्द घरात पडलाय. गोव्यात चर्चच्या गायकवृंदाला शिकवणारा, व्हायोलिन वाजवणारा, गावातल्या पोरांना सोल्फा, म्हणजे त्यांचं ‘दो-रे-मी’, घोटवणारा तो ‘मेस्त्री’. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरून आलेला. तोच शब्द कोकण चढून वर आला आणि गवंड्यासुताराचा ‘मिस्त्री’ झाला. इटालियन लोक कंडक्टरला ‘माएस्त्रो’ म्हणतात, इंग्रजांकडून आपल्याकडे ‘मास्तर’ आला. चौघांची आजी एकच, लॅटिन ‘मागिस्तेर’. म्हणजे ‘माएस्त्रो झुबिन मेहता’ आणि ‘बाथरूमच्या टाइल्स बसवणारे मिस्त्री’ ही सख्खी भावंडं.

तेव्हा माझं मत ‘मास्तर’ला. ‘बँडमास्तर’ मराठीत रुळलेला आहेच. लग्नाच्या वरातीत ब्रास बँडपुढे उभा राहून कॉर्नेटवाल्याला डोळ्याने खुणावतो, तो दुसरं काय करतो?

आणि तुमच्या फीडलरच्या जातीचा माणूस शोधायला बॉस्टनला जायची गरज नव्हती. अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७, गाव माजोर्डे, गोव्यात, आमच्याच सासष्टीत. वडील तिथल्या चर्चचे मेस्त्री. मुंबईत येऊन व्हायोलिन वाजवलं, सिनेमासाठी अरेंजिंग केलं, लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. १९५८ मध्ये मोठा वाद्यवृंद जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात आपल्या रागांवर बांधलेलं सिंफनी संगीत सादर केलं, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्या आवाजासह. लोकांना मात्र त्यांचं नाव माहीत आहे ते १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या अंड्यातून बाहेर येणाऱ्या अमिताभमुळे. ते गाणं म्हणजे शिष्याने गुरूला केलेला नमस्कार होता, हे किती जणांना ठाऊक असतं?

तिसरी रांग:
मी बरीच वर्षं रेकॉर्डिंगला व्हायोलिन वाजवलं, कायम तिसऱ्या रांगेत, म्हणून हे नाव. आमच्यात कुणी ‘संचालक’ म्हणत नसे आणि ‘मास्तर’ही क्वचित. काम करणारा ‘अरेंजर’. तोच बहुतेक वेळा पुढे उभा राहून कंडक्ट करायचा. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा, अरेंजर तिला कपडे चढवायचा: मधले पीस, गायकाच्या ओळीमागे धावणारा काउंटर म्हणजे दुसरी सुरावट, व्हायोलिनचं काय, चेलोचं काय, सगळं नोटेशनमध्ये लिहून स्टँडवर. सेबॅस्टियन डिसूझांनी शंकर-जयकिशनसाठी हेच केलं. मराठीत तबकडीवर त्याला ‘संगीत संयोजन’ छापत. अनिल मोहिले हे नाव त्या दोन शब्दांना चिकटलेलंच आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की अनुवादिकाबाईंच्या प्रश्नात दोन माणसं आहेत. हात हलवणारा एक, आणि दोन तऱ्हेचं संगीत एकत्र कसं नांदेल ते कागदावर ठरवणारा दुसरा. दुसऱ्यासाठी ‘संयोजक’ हा उत्तम शब्द तयार आहे. कधी दोघे एका देहात असतात, कधी नसतात.

हात हलवण्याचं थोडं सांगतो, कारण बघणाऱ्याला ते हवेत शिंपडल्यासारखं वाटतं. चार मात्रांचं आवर्तन असेल तर पहिलीला हात खाली, दुसरीला डावीकडे, तिसरीला उजवीकडे, चौथीला वर. पहिली मात्रा म्हणजे आपली समच. गंमत बघा, त्यांची सम हात खाली आला की पडते, आणि आपल्या तालात ‘खाली’ म्हणजे जिथे टाळी नाही ती जागा! तबलेवाला मित्र पहिल्यांदा आमच्याबरोबर बसला. कंडक्टर ओरडला, “खाली बघ, खाली!” तो बिचारा तीनतालातल्या खालीची, म्हणजे नवव्या मात्रेची, वाट बघत राहिला.

सिंफनीचे लोक काडीच्या टोकाच्या किंचित मागे वाजवतात, सवयीने. ड्रमसेटवाला मात्र काडीकडे बघतच नाही, ताल त्याच्याच पायात असतो. त्यात पॉपचा जोर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर, आणि व्हायोलिनवाल्याचा गज पहिलीला जड पडायला शिकलेला. दोघांना एकत्र बसवलं की गाणं लंगडतं. शेवटी कानात क्लिक, म्हणजे ठरलेल्या लयीची टकटक, देतात आणि कंडक्टरसुद्धा त्या टकटकीचा नोकर होतो. दोन तऱ्हांचा मिलाफ वगैरे लिहायला सोपं आहे, भांडण असतं ते या एवढ्याशा फटीत.

अनुवादिका:
तिसरी रांग, हे आधी मिळालं असतं तर लेख वेगळा झाला असता. फीडलर मुळात तुमच्यासारखाच रांगेतला. बॉस्टन सिंफनीत व्हायोलिन आणि व्हायोला वाजवायचा. १९२९ मध्ये चार्ल्स नदीकाठी फुकट मैफली सुरू केल्या, १९३० मध्ये पॉप्स हातात घेतलं आणि १९७९ मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. सभागृहातल्या खालच्या खुर्च्या काढून टेबलं मांडायची, लोक खातपीत ऐकायचे. कार्यक्रमाचे तीन भाग: आधी हलकंफुलकं अभिजात, मध्ये एकल वादकाचा काँचेर्तो (एक वादक पुढे, वाद्यवृंद साथीला), शेवटी ब्रॉडवे, सिनेमा, चालू गाणी. बीटल्सचं ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ त्याने १९६४ मध्येच सिंफनीवर वाजवून तबकडी काढली. थाळीत कोशिंबीर, भाजी, गोड आपापल्या जागी वाढावं तसं. कालवाकालव नाही. म्हणून ‘फ्यूजन’ हा शब्द मी त्याला लावला नव्हता. तो साप्ताहिकाने मथळ्यात घातला.

आता ‘पॉप्स’. हे ‘पॉप्युलर’चंच आखूड रूप. ‘लोकप्रिय संगीत’ म्हटलं की अर्थ निसटतो, कारण लोकप्रिय तर भीमसेनजीही होते. ‘लोकसंगीत’ म्हटलं की थेट पोवाडा. मी ‘सुगम’ लिहिलं.

तिसरी रांग:
‘सुगम’ आकाशवाणीचा शब्द आहे, त्यात भावगीत आलं, गझल आली. रॉक अँड रोल त्यात बसत नाही. झुबिन मेहता मे १९७० मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक घेऊन फ्रँक झॅपाच्या रॉक बँडबरोबर उभे राहिले, तेही विद्यापीठाच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये. त्याला सुगम म्हणाल?

अनुवादिका:
नाही म्हणणार. ‘पॉप्स’ तसंच ठेवते, ते संस्थेचं नावच आहे.

लाल डबा:
मग कंडक्टरही तसाच ठेवा की. एसटीत कंडक्टर, सिंफनीत कंडक्टर. हातात तिकिटं आहेत की काडी, ते वाचणाऱ्याला दिसतं. ‘मास्टर’ आपण क्रिकेटच्या सचिनला आणि शिंप्याला एकाच दिवशी म्हणतो, कुणाचा गोंधळ होत नाही.

सासष्टीकर:
लेखात कंडक्टर, बोलताना मास्तर. मी एवढ्यावर तडजोड करतो.

अनुवादिका:
मान्य. कंडक्टर हात हलवणाऱ्यासाठी, संयोजक कागदावर जुळवणाऱ्यासाठी, आणि ‘वाद्यवृंद संचालक’ सरकारी पत्रिकेत कुणाला हवं असेल तर. हे सगळं साप्ताहिकाला कळवलं होतं, चुकीबद्दल दुरुस्ती छापा म्हणून विनंतीही केली होती. आज अंक आला. सहाव्या पानावर, तळाला, बारीक अक्षरात: ‘मागील अंकात वाहक असे छापले गेले. कृपया चालक असे वाचावे.’