विषाणुजन्य ताप उतरल्यानंतरचा अशक्तपणा आणि चिनी वैद्यक

प्रश्न:
फ्लूसारखा विषाणुजन्य ताप उतरल्यावर कित्येक आठवडे रेंगाळणाऱ्या थकव्याचा चिनी वैद्यकात स्वतंत्र विचार झाला आहे का? वाचायला मिळते ते बहुतेक ताप-खोकल्यावरच्या काढ्यांविषयीच असते. शिवाय जपानमधील 'काम्पो' म्हणजे तेच उपचार निराळ्या नावाने, असे समजावे का?

उत्तर १:
झाला आहे, आणि फार पूर्वीच. इ. स. २००च्या सुमारास चिनी वैद्य झांग झोंगजिंग यांनी रचलेल्या 'शांगहान लुन' या वैद्यकग्रंथात नुकत्याच बऱ्या झालेल्या रोग्याचा वेगळा विचार केलेला आहे. नाडी सुधारली तरी तिन्हीसांजेला त्याला किंचित अस्वस्थ वाटते, कारण लोकांनी आग्रहाने जेवू घातलेले असते आणि पोटाला ते अजून पेलत नाही. यावर ग्रंथकार औषध देत नाहीत, जेवण कमी करायला सांगतात. तापावरचा दालचिनीच्या डहाळ्यांचा काढा देतानाही असाच काटेकोरपणा आहे: वर गरम पातळ पेज प्यावी, सुमारे दोन तास पांघरूण घ्यावे, अंग जेमतेम ओलसर व्हावे, पण घामाच्या धारा लागू देऊ नयेत, आणि पहिल्याच मात्रेने उतार पडला तर उरलेला काढा घेऊ नये. कॅप्सूलच्या वेष्टनावर हे सारे मावणार कुठून?

उत्तर २:
काम्पोचे मूळ चिनी असले तरी ते 'तेच' नव्हे. आजारानंतरच्या अशक्तपणासाठी जपानी डॉक्टर देतात ते जिनसेंगयुक्त 'होचुएक्कितो' हे तेराव्या शतकातील चिनी वैद्य ली दोंगयुआन यांच्या योगावर (औषधी मिश्रणावर) आधारलेले आहे. मात्र ते सहसा तयार दाणेदार चूर्णाच्या रूपात मिळते, आरोग्य विम्यात बसते, आणि निदान करताना नाडीइतकेच पोट चाचपून पाहण्यालाही तेथे महत्त्व असते.

उत्तर ३:
एक पुस्ती जोडतो. 'शोसाइकोतो' हा काढाही मूळचा 'शांगहान लुन'मधलाच. जपानमध्ये तो यकृताच्या जुनाट विषाणुजन्य दाहावर सर्रास दिला जाऊ लागला, आणि काही रुग्णांना फुप्फुसांचा गंभीर दाह झाला. १९९६ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या तातडीच्या इशाऱ्यात १० मृत्यूंची नोंद होती. माझ्या मते, प्रकृती न पाहता केवळ रोगाच्या नावावर औषध देण्यातला धोका येथे स्पष्ट दिसतो. अनेक चिनी योगांत असणारे ज्येष्ठमधही जास्त दिवस घेतल्यास रक्तदाब वाढवू शकते आणि पोटॅशियम घटवू शकते.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. मला रक्तदाबाची गोळी चालू आहे, हे मी मूळ प्रश्नात लिहायला हवे होते. आता कोणताही योग सुरू करण्याआधी त्यातील घटकांची यादी डॉक्टरांना दाखवीन.