चिनी लोकांचं 'जीह्वे' म्हणजे नक्की काय प्रकरण?

मीनल_के:
आमच्या शांघायच्या मॅनेजरबाई पुढच्या महिन्यात पुण्याला येतायत, त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं ठरत होतं तर तिकडचा टीममेट म्हणाला नको नको, जीह्वे आहे. टॅबू एवढं कळलं, पण घड्याळाने कुणाचं काय घोडं मारलंय?

वाकडी_वाट:
घड्याळाने नाही, उच्चाराने मारलंय. घड्याळ भेट देणं म्हणजे 'सोंग चोंग', आणि मरणाऱ्याची अखेरची सेवा करणं, त्याला पोचवणं, हेही अगदी 'सोंग चोंग'च. 2015 मध्ये ब्रिटनच्या मंत्रीणबाई सुझन क्रेमर यांनी तैपेईच्या महापौरांना खिशातलं घड्याळ दिलं तर ते पत्रकारांना म्हणाले भंगारवाल्याला विकेन! बाईंना माफी मागावी लागली. दिलंच चुकून तर समोरचा एक नाणं हातावर ठेवतो, म्हणजे भेट नाही, विकत घेतलं.

सई०७:
म्हणजे आपण दिवा विझवला न म्हणता मालवला म्हणतो तसंच की

बखरवाला:
थोडं तसंच, पण तिकडे हे कायद्यापर्यंत गेलं होतं. पूर्वजांचं, बादशहाचं नाव उच्चारायचं नाही, त्यातलं अक्षरसुद्धा लिहायचं नाही, त्याला बीह्वे म्हणतात. कांगशी बादशहाचं नाव श्वेनये, म्हणून बीजिंगच्या राजवाड्याचं उत्तरेकडचं श्वेनवू दार शेनवू झालं, ते आजतागायत. 1777 मध्ये वांग शीहौ नावाच्या पंडिताने आपल्या कोशात कुठली नावं टाळायची हे पोरांना कळावं म्हणून ती पूर्ण लिहून दाखवली, तर छ्येनलोंग बादशहाने त्याला देहदंडच दिला.
आणि सोंग घराण्याच्या राजवटीतला थ्येन देंग नावाचा सुभेदार तर कहरच. देंग म्हणजे दिवाही, त्यामुळे याच्या हद्दीत दिव्याला दिवा म्हणायची चोरी, 'आग' म्हणायचं. कंदिलांचा सण आला, कारकुनांनी नोटीस लावली, 'प्रथेप्रमाणे तीन दिवस आग लावण्यात येईल'. त्यावरून म्हणच पडली, साहेबाने आग लावलेली चालते, रयतेने दिवा लावलेला नाही.

वाकडी_वाट:
😂 मीनल, छत्री पण नको हां, तिचा उच्चार पांगण्यासारखा. आणि चारचा आकडा मरणासारखा ऐकू येतो, हाँगकाँगमध्ये कित्येक बिल्डिंगच्या लिफ्टला चौथा मजलाच नसतो.

मीनल_के:
अरे देवा, तांब्याचे पेले बघून ठेवलेत, चारचा सेट आहे. सहाचा मिळतो का विचारते.