वाघ्रोपुढे नारळ, आणि वाघ मात्र नको?

कुळागरी: रविवारी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात मित्राच्या गावी गेलो होतो. रानाच्या कडेला वाघ्रोची, म्हणजे वाघदेवाची, दगडी मूर्ती, वर छप्परसुद्धा नाही. मित्राच्या आजीने नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, 'गुरावासरांना सांभाळ'. मन भरून आलं, खोटं कशाला बोलू. पण याच तालुक्यात गोळावलीच्या रानात जानेवारी २०२० मध्ये विषाने चार वाघ मेले. जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने या रानात व्याघ्रप्रकल्प जाहीर करा म्हटलं, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात धावलं आणि गावांतूनही विरोधच झाला. दगडाचा वाघ चालतो, हाडामांसाचा नको. मी याला ढोंग म्हणतो.

सत्तरीकर: ढोंग म्हणायला तुमचं काय जातं? तुमच्या गोठ्यातली दुभती म्हैस गेलेली नाही. विष घालणं पापच, त्याची बाजू मी घेत नाही. पण वाघ्रो आमच्या पूर्वजांनी लाडाने नाही बसवला, भीतीने बसवला. तू रानात राहा, आम्ही गावात राहतो, एवढंच ते गाऱ्हाणं. हे रान ज्यात येतं त्या म्हादई अभयारण्याची अधिसूचना १९९९ ची. तरी रानातल्या लोकांच्या हक्कांचे दावे वर्षभरात निकाली काढा, हे त्याच २०२३ च्या निकालात सांगावं लागलं. तेवढी ओळ बरी गाळलीत!

रोयण: मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. आपली सातेरी देवी म्हणजे वारूळच ना? गाभाऱ्यातल्या वारुळाला कुणी बोट लावत नाही. तीच वाळवी घराच्या चौकटीला लागली की आम्ही औषध मारतो, आणि संध्याकाळी देवळातही जातो. (आमच्या घरी दोन्ही कामं बाबाच करतात.) मग आम्ही सगळेच ढोंगी का? देवाची हद्द असते आणि माणसाची असते.

कुळागरी: औषध मारलं तरी वाळवी पुढच्या पावसात परत येते. गोव्यात वाघ आहेत किती, की असं चालवून घ्यावं? दाव्यांची ओळ गाळली, हे मात्र मान्य.

सत्तरीकर: मग आधी दावे सोडवा, मेलेल्या गुराची भरपाई वेळेवर द्या, आणि मग प्रकल्पाचं बोला. त्या आजींना विचारलंत का, वाघ हवा की नको?

कुळागरी: नाही विचारलं. नारळाचा प्रसाद घेतला आणि निघालो.

सत्तरीकर: तेच म्हणतोय.